बालसंरक्षण आणि कचेऱ्यांच्या हद्दी

बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरील लागोपाठची दोन स्थानके. परंतु त्यांच्या दरम्यान ठाणे जिल्हा संपून रायगड जिल्हा सुरू होतो, नवी मुंबई महानगरपालिकेचा अंमल सरून पनवेल महानगरपालिकेचा लागतो, जिल्हाधिकारी बदलतात, बालकल्याण समिती बदलते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष बदलतो. बदलत नाही तो केवळ पोलीस आयुक्तांचा अखत्यार, कारण 1994 साली स्थापन झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली आहे. प्रौढ नागरिकाला या व्यवस्थेचा फारसा जाच होत नाही; एखाद्या दाखल्यासाठी एक खेप अधिक पडते, इतकेच. परंतु ज्या मुलाला कोणी कारखान्यात जुंपले आहे, किंवा ज्या मुलीच्या देहाचा कोणी सौदा केला आहे, त्यांच्या नशिबात या हद्दी फार निर्णायक ठरतात, असे माझे ठाम मत आहे.

कायद्याने काही करायचे ठेवले आहे असे म्हणवत नाही. संरक्षणाची गरज असलेले बालक सापडल्यास, प्रवासाचा वेळ वगळता, 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे, प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे, ही सारी तजवीज 2015 च्या बाल न्याय अधिनियमात आहे. आणि लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती दडवणाऱ्या माणसाला 2012 च्या पोक्सो कायद्याने शिक्षेस पात्र ठरवले आहे. उणीव आहे ती एका खात्याने दुसऱ्याच्या हाती मूल सोपवण्याच्या क्षणी.

पनवेल स्थानकाचेच पाहा. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरलेला, सोबतच्या ‘मामा’चे नावही धड सांगू न शकणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाच्या दृष्टीस पडला, तर गुन्ह्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे होते आणि त्यांचे आयुक्तालय मुंबईचे, स्थानकाबाहेर पाऊल टाकताच हद्द नवी मुंबई पोलिसांची, मुलाला न्यायचे ते रायगडच्या समितीपुढे, आणि त्याला ज्या कारखान्यात पोहोचवायचे होते तो तुर्भ्याच्या बाजूला असेल, तर कारखानदारावर कारवाई करणारे कामगार अधिकारी ठाणे जिल्ह्याचे. यांतील प्रत्येक अंमलदार आपले कर्तव्य चोख बजावील, प्रत्येक दप्तरात पत्राची स्थळप्रतही राहील, आणि तरीही तो मुलगा सहा महिन्यांनी कोठे आहे याचे उत्तर एकाही कचेरीत मिळणार नाही, हे सहज संभवते.

कळंबोलीचे प्रकरण या भागाने विसरता कामा नये. मतिमंद मुलींच्या एका आश्रमगृहात तेथील चालकाकडूनच होत असलेले अत्याचार 2011 साली उघडकीस आले, आणि तेही उच्च न्यायालयाने नेमलेल्या, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्राध्यापिका आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखालील समितीमुळे. 2013 च्या मार्चमध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने मुख्य आरोपीस फाशीची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयात ती टिकली नाही. शिक्षेच्या प्रमाणाविषयी विद्वानांनी वाद घालावा. माझ्या मनाला डाचते ते निराळेच: ज्या मुलींना आपले दुःख शब्दांत मांडणे अत्यंत दुष्कर, त्यांच्यापर्यंत पोहोचायला न्यायालयाला स्वतंत्र समिती नेमावी लागली, आणि जिल्ह्याची नित्याची यंत्रणा तोवर तेथवर पोहोचली नव्हती. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी समितीने प्रत्येक बालगृहाला भेट द्यावी, तिच्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, असा आजचा कायदा आहे. तो अक्षरशः पाळला गेला पाहिजे.

पण तपासणी होते ती नोंदवहीत नाव असलेल्या संस्थेची. 2022 च्या ऑगस्टमध्ये सीवूड्स येथील एका परवाना नसलेल्या वसतिगृहातून 45 मुलामुलींना बाहेर काढण्यात आले आणि मागाहून लैंगिक अत्याचाराचा गुन्हाही दाखल झाला. इतकी मुले एका वास्तूत राहतात ही गोष्ट शेजारच्या सोसायटीला, दूध टाकणाऱ्याला, मालमत्ता कराची नोटीस घेऊन येणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्याला अज्ञात राहणे कठीण. यांपैकी कोणाचीही बातमी बाल संरक्षण कक्षापर्यंत जावी, असा वहिवाटीचा मार्ग मात्र आपण घालून दिलेला नाही. महानगरपालिका ही रस्ते-गटारांची धनीण आहे आणि मुले ही महिला व बालविकास खात्याची बाब आहे, ही समजूत सोडावी लागेल. घरोघर जाणारी माणसे पालिकेइतकी दुसऱ्या कोणत्याही खात्याकडे नाहीत.

यावर उपाय सुचवायचा तर तो बेलापुरातच उभा आहे. ठाणे आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांवर अधिकार असणारे कोकण विभागीय आयुक्त कोकण भवनात बसतात. दोन्ही बालकल्याण समित्या, दोन्ही बाल संरक्षण कक्ष, दोन्ही महानगरपालिका, कामगार खाते, लोहमार्ग पोलीस आणि नवी मुंबई पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष यांना त्यांनी दरमहा एका मेजाभोवती बसवावे, आणि एकच दंडक घालावा: मूल ज्याच्या ताब्यात प्रथम आले, त्याची जबाबदारी पुढच्या अधिकाऱ्याची लेखी पोच मिळेपर्यंत संपू नये. बैठका उदंड झाल्या, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. परंतु त्या बैठका योजनांच्या आणि खर्चाच्या होत्या, एकेका मुलाच्या नव्हत्या. मुलांची नावे गुप्त राखण्याचे बंधन पाळूनच पहिल्या बैठकीपुढे गेल्या वर्षभरात एका जिल्ह्यातून दुसऱ्याकडे पाठवलेल्या मुलांची यादी ठेवावी, आणि प्रत्येक नोंदीपुढे ते मूल आज कोठे राहते, शाळेत जाते की नाही, आणि मालकाकडे थकलेली त्याची मजुरी वसूल झाली की नाही, हे संबंधित अधिकाऱ्याच्या सहीनिशी मागावे.