माझं मत डाकोटाला!

अमेरिकेत बनलेल्या विमानांपैकी सर्वात प्रभावी विमान कोणतं? आमच्या होस्टेलमध्ये हा वाद निघाला आणि अजून मिटलेला नाही. काही जण एफ-१६ वर अडून बसलेत, 'टॉप गन' पाहिलेले एफ-१४ च्या बाजूने, आणि उरलेले बोईंग ७४७ म्हणजे जम्बो जेटच्या. माझं मत मात्र डग्लस कंपनीच्या डीसी-३ ला, म्हणजे जुन्या डाकोटाला. "काय बे, ते पंख्याचं विमान?" म्हणून सगळे हसले. म्हणून हा लेखप्रपंच!

आधी समोरच्यांचं म्हणणं ऐकून घेऊ. जम्बोमुळे परदेशप्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला, हे खरंच. एअर इंडियाकडे पहिला जम्बो १९७१ मध्ये आला. त्याआधी १९६० मध्ये आलेल्या बोईंग ७०७ ने लंडन-न्यूयॉर्क जवळ आणलं. आणि प्रभाव म्हणजे जगाला हादरवणं असेल, तर ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या बी-२९ पुढे कुणीच टिकणार नाही. पण भीती घालणं हाच मोठेपणा मानायचा का? इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांनी तरी तो मानू नये, असं मला वाटतं.

आता माझा मुद्दा. डाकोटा पहिल्यांदा १७ डिसेंबर १९३५ ला उडालं. दोन इंजिनं, पंचवीस-तीस माणसांची जागा, केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही. पण दणकट! कच्च्या धावपट्टीवर उतरायचं, दुरुस्तीलाही सोपं. दुसऱ्या महायुद्धात ही विमानं हजारोंनी बनली. युद्ध संपल्यावर उरलेली भारतात स्वस्तात विकली गेली आणि त्यांच्या जोरावर आपल्याकडे कितीतरी छोट्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले जवान श्रीनगरला पोचले ते डाकोटातूनच. १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा थेट लेहला, साडेदहा हजार फुटांवर उतरवलं. तिथली धावपट्टी सोनम नोरबू नावाच्या लडाखी इंजिनिअरने तयार करून घेतली होती. पायलटचं कौतुक सगळेच करतात, पण आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी हे दुसरं नाव लक्षात ठेवायला हवं!

पण माझं मत पक्कं झालं ते आपल्या नागपूरमुळे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची, आणि ती सगळी मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत! सुरुवातीला हे काम डाकोटांनी केलं, पुढे डग्लसचीच मोठी स्कायमास्टर विमानं आली. त्याच वर्षी देशातली पाकिटातली साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली. १९७० च्या दशकात ही सेवा बंद झाली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. राइट बंधूंचा धडा मला इंग्रजीत तोंडपाठ होता, पण शेजारच्या नागपुरात रोज रात्री हे घडायचं, हे मला कुणी कधी सांगितलं नाही.

माझं गाव दिघोरी, जिल्हा भंडारा. चहूकडे धानाच्या बांध्या. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या किती जणांनी विमान जवळून पाहिलं असेल? बोटावर मोजण्याइतके. पण कलकत्त्याला किंवा मद्रासला नोकरीला गेलेल्याचं पत्र लवकर यावं, यासाठी कुठलंतरी विमान रात्रभर राबत होतं. जम्बोचा उपयोग त्यात बसणाऱ्यांना झाला. डाकोटाचा उपयोग ज्यांनी तिकीट कधीच काढलं नाही, त्यांनाही झाला. माझ्या मते प्रभाव मोजायचा तो असा.

आता कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टींचं आज काय? आहे ना! २०१५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगने उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र सुरू झालं. तिथे नोकरी लागावी असं आपल्यापैकी अनेकांचं स्वप्न आहे, माझंही आहे. पण फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडताना आपण काय करतो? नाव ऐकून परीक्षक दिपून जावेत असा विषय शोधतो. व्हायवा झाला की प्रोजेक्ट कपाटात! त्यापेक्षा धान वाळवायचं स्वस्त यंत्र किंवा गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येईल असा पंप, असे विषय आपल्याला का सुचत नाहीत? मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण डाकोटाला शोभते. आपल्या प्रोजेक्टलाही शोभू द्या.

ज्यांना पटत नसेल त्यांनी पुढच्या अंकात जम्बोची बाजू जरूर मांडावी. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यावं : तुमच्या विमानाने दिघोरीला काय दिलं?