तोडलेले फूलही पाणी मागते



होटगीतल्या एका ताईंनी लेकीच्या साखरपुड्यासाठी घरच्या निशिगंधाच्या दांड्या भर दुपारी कापल्या. संध्याकाळी पाहुणे आले, तोवर फुलांनी माना टाकल्या होत्या. घरची फुले असून सोलापूरहून विकत आणावी लागली.

तोडलेले फूलही जिवंत असते. म्हणून दांड्या ऊन चढण्यापूर्वी, खालच्या दोन-तीन कळ्या उमलताच कापाव्यात आणि तिथेच पाण्याच्या बादलीत उभ्या कराव्यात. घरी आल्यावर धारदार चाकूने टोक पाण्याखाली दोन बोटे तिरके छाटावे. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. ती कुजली की जंतू वाढून दांडीच्या नळ्या तुंबतात. लिटरभर पाण्यात 4 लहान चमचे साखर व 2 चमचे लिंबाचा रस घालावा. पाणी रोज बदलावे. पिकत्या केळ्यांजवळ फुले ठेवू नयेत. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर कोमेजतात.

झेंडू-शेवंतीची सुटी फुले मात्र भिजवू नयेत. ओलसर फडक्यात सैल गुंडाळून टोपलीत, गारव्याला ठेवावीत.

पुढच्या कार्याला आधी बादली भरा, मग फुले तोडा.