‘समजलं’ वाटतं, पण समजतं का?

“समजलं ना सगळ्यांना?” सरांनी फळा पुसता पुसता विचारायचं आणि वर्गाने लांबलचक “होऽऽ” म्हणायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री तोच टॉपिक कुणाला येतो, याची शोधाशोध व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालू!

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, क्रेडिट यांवर भरपूर बोलून झालं. ७५ टक्के हजेरीवरून वाद तर दर सेमिस्टरला ठरलेलेच. पण हजर राहिलेल्या मुलांचं वर्गात नेमकं काय होतं, हा विषय कुणी काढत नाही.

हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास हा प्रश्न पडला. मुलं त्यांच्यावर खूश होती, अवघड गणितंही सोडवायची. मग त्यांनी साध्या भाषेतले प्रश्न विचारले. जड ट्रक छोट्या कारला धडकला, तर कोण कुणावर जास्त बल लावतं? (दोघं सारखंच. न्यूटनचा तिसरा नियम, जो आपण शाळेतच पाठ केलाय.) बऱ्याच जणांची दांडी उडाली. तेव्हा माझूर यांनी पद्धतच बदलली. आधी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवायचं, मग शेजारच्याला ते पटवून द्यायचं. सर बोलणार त्यानंतर.

याने खरंच फरक पडतो का? विज्ञान-गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण जवळपास दीडपट निघालं.

मला जास्त टोचला तो २०१९ चा प्रयोग, तोही हार्वर्डचाच. एका गटाला उत्तम लेक्चर दिलं, दुसऱ्याला तोच भाग स्वतः झगडून सोडवायला लावला. टेस्टमध्ये दुसरा गट पुढे. पण ‘आम्ही जास्त शिकलो’ असं वाटत होतं लेक्चरवाल्यांना! सुरळीत बोलणं ऐकलं की आपल्यालाही सगळं आलं असं वाटतं. डोकं खाजवावं लागलं की वाटतं, सरांना शिकवता येत नाही.

आता आपल्याकडे या. एका डिव्हिजनमध्ये शंभरावर मुलं, हे कारण नेहमी पुढे येतं. ते मला अर्धंच पटतं, कारण माझूर यांचे वर्गही मोठेच होते आणि मत द्यायला हात वर केला तरी पुरतो. खरी अडचण दुसरीकडे आहे. असंख्य प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. पैसे घेतलेल्या तासाचे. चांगला प्रश्न तयार करायला घरी घालवलेली संध्याकाळ कुठल्याच बिलात बसत नाही. डिक्टेशन द्यायला तयारी लागत नाही, पोर्शनही वेळेत संपतो.

आणि आपण? टीवायला आमच्या एका मॅमनी हे करून पाहिलं होतं. तासाला एकच प्रश्न, जोड्या लावून चर्चा, शेवटी दहा मिनिटं त्या बोलायच्या. महिनाभरात वर्गाने तक्रार केली, ‘मॅम शिकवत नाहीत, नोट्स देत नाहीत.’ अर्जावर माझीही सही होती. दुसऱ्या सेमिस्टरला मॅम डिक्टेशन देऊ लागल्या. ते पॉइंट्स आजही वहीत आहेत, पण आठवतात फक्त पहिल्या महिन्यातले प्रश्न.