भुकेल्या घोडीची चंदी

लग्नसराई आली की आपल्या माळव्यात बँडबाज्यामागोमाग घोडी आलीच. पुण्या-साताऱ्याकडील सोयऱ्यांना याचे नेहमी नवल वाटते. तिकडे नवरदेव घोड्यावर बसतो. इकडे मात्र ‘घोडी चढणे’ हे लग्नाचेच दुसरे नाव होऊन बसले आहे, आणि इंदूर-देवास-ग्वाल्हेरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनीही तो रिवाज आनंदाने उचलला आहे. जरीची झूल, कपाळावर तुरा, गळ्यात घुंगरांची माळ. सारे डोळे वराकडे लागलेले. झुलीखालचा जीव कोणत्या स्थितीत आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. आज त्या जिवाविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

आपण सारे मूळचे घोड्याच्या पाठीवरून येथे आलेल्यांचे वंशज. पागा, मोतद्दार, खरारा, तोबरा, चंदी हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी सहज असत. आता शब्द उरले आणि त्यांच्यामागचे ज्ञान गेले. टांगे गेले, तबेले गेले. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे तीन लाख चाळीस हजारच उरली. शहरात जी काही थोडी राहिली, त्यांतील पुष्कळांचा निर्वाह लग्नांवर चालतो. परंतु लग्नाचे मुहूर्त वर्षातून मोजकेच. चातुर्मासात तर वरातीही बंद. घोडी कमावते मोजके दिवस, आणि खाते मात्र बारा महिने. हा हिशेब कसाबसा जुळत असतानाच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ऐन लग्नसराई बुडाली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टातील ही हकीकत. इंदुरातील एका जुन्या गल्लीत आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी गल्ली त्यांना बाई म्हणते. त्यांच्या वाड्यामागील उकिरड्यावर एक पांढरी घोडी दोन दिवस उभी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात, पुठ्ठ्याची हाडे वर आलेली, खूर वाढून पुढे वळलेले, तंग आवळून आवळून छातीखाली जखम झालेली. पोट मात्र खाली लोंबत होते. लोक म्हणाले, जंत झाले असावेत. बाईंनी तिला मागच्या अंगणात घेतले. पशुवैद्य आले, त्यांनी तपासले आणि सांगितले, “बाई, ही गाभण आहे. सात महिने उलटून गेले असावेत.”

घोडीची गर्भावस्था सुमारे अकरा महिन्यांची, सरासरी ३४० दिवसांची. त्यातही शिंगराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. म्हणजे आईच्या अंगावर जेव्हा मूठभर मांस उरले नव्हते, नेमके तेव्हाच पोटातले पोर मागणी वाढवू लागणार होते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये घोड्याची अंगकाठी हाताने चाचपून एक ते नऊ असे गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे अतिस्थूल. पशुवैद्यांनी या घोडीला दोन गुण दिले.

गाभण हा शब्द कानी पडताच गल्लीचे मन पाघळले. कोणी भिजवलेले हरभरे आणले, कोणी गुळाचा खडा, कोणी रात्रीच्या पोळ्या. एका आजींनी तर डोहाळजेवणाच्या थाटात लाडू वळून पाठविले. पशुवैद्यांनी ते सारे परत पाठवावयास लावले. लोक रुसले. भुकेल्याच्या तोंडचा घास काढणारा हा कसला वैद्य, असेही बोलले गेले. परंतु वैद्य बोलत होते ते अक्षरशः जीव वाचविणारे होते.

उपासमारीत शरीर आधी चरबी आणि मग स्वतःचेच स्नायू जाळून दिवस काढते. अशा वेळी धान्य वा गूळ एकाएकी पोटात गेला, की रक्तातील इन्शुलिन उसळते आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये रक्तातून पेशींत ओढली जातात. शरीरात त्यांचा साठा आधीच संपत आलेला असतो. मग हृदय आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडतात आणि उपाशीपोटी तग धरून राहिलेले जनावर पोटभर जेवल्यानंतर काही दिवसांत दगावते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही; पोटात गेलेले बाधले तर बाहेर पडण्याचा तो मार्गच त्याला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्यांना निरनिराळे आहार देऊन पाहिले आणि १९९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात वाळलेला लसूणघास, ज्याला आपल्याकडे रिजका म्हणतात, तोच सर्वांत हितकारक ठरला. कारण त्यात पिष्ट कमी आणि प्रथिने व आवश्यक क्षार अधिक असतात.

तेव्हा चंदी ठरली ती अशी: पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो वाळलेला रिजका, त्याहून एक काडी अधिक नाही, स्वच्छ पाणी सदैव समोर, चाटावयास मिठाचा खडा. पुढे आठवडाभर प्रमाण हळूहळू वाढवीत जावयाचे. दाणा दोन आठवडे मुळीच नाही. मध्यरात्रीची आणि पहाटे चारची पाळी गल्लीतील कॉलेजच्या मुलांनी घेतली. रद्दीवाल्याने आपला काटा दिला. त्या वर्षी गणेशोत्सव साधेपणाने करावयाचा होता; मंडळाच्या आरासीचे पैसे शिल्लक होते, ते चाऱ्याला दिले गेले. त्या वर्षी मूर्ती बाईंच्या ओसरीवर वीतभर उंचीची बसली, आणि आरतीच्या घंटेला मागील अंगणातून खिंकाळण्याचा जबाब येऊ लागला, तेव्हा गल्लीने ओळखले की घोडीच्या अंगात जीव येत आहे.

पहिल्या दिवसापासून तिला इतर जनावरांपासून वेगळे ठेवून रक्ताचा नमुना तपासणीस पाठविला होता. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा एक संसर्गजन्य रोग होतो. तो माणसालाही जडू शकतो, आणि २००९ च्या कायद्यान्वये त्याची खबर सरकारला देणे आवश्यक आहे. रोग सिद्ध झाल्यास जनावर वाचविता येत नाही, त्याला मारावेच लागते. निकाल येईपर्यंत बाईंनी मुलांना तिच्या नाकातोंडाला हात लावू दिला नाही आणि तिला नावही ठेवू दिले नाही. निकाल निर्दोष आला त्या दिवशी तिचे नाव चांदणी पडले. मग दात घासून सारखे केले, धनुर्वाताची लस दिली, जंताचे औषध पशुवैद्यांच्या देखरेखीखाली बेताने दिले. इतक्या अशक्त जनावराच्या आतड्यातील जंत एकदम मारणेही धोक्याचे असते.

खूर तासावयास नालबंद आला आणि त्याने घोडी ओळखली. अशा रीतीने दुसऱ्याच आठवड्यात मालकाचा पत्ता लागला. आता प्रश्न उभा राहिला तो माणसाचा.

पोलिसांत तक्रार द्यावी, असे बहुतेकांचे मत. कायदा त्यांच्या बाजूने होता. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० च्या अकराव्या कलमानुसार पाळीव जनावरास पुरेसे अन्न-पाणी न देणे किंवा विनाकारण त्याला अशा स्थितीत टाकून देणे की त्याने भुकेने तळमळावे, हा अपराध आहे. मात्र त्या कायद्याने पहिल्या अपराधाला दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपये. बाईंनी मालकाला वाड्यावर बोलाविले. तो आला आणि ओसरीच्या पायरीवर बसला. बग्गी विकली होती, दुसरी घोडी विकली होती. ही गाभण म्हणून कोणी घेईना. “बाईसाब, घर में आटा नहीं था, इसे क्या खिलाता?” एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते. पण त्याने केले ते योग्य होते असे नव्हे. घोडी गाभण आहे हे ठाऊक असताना तिला रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडणे हा निष्ठुरपणाच. तंगाची जखम तर टाळेबंदीच्या आधीची होती. तिला दारिद्र्याची सबब चालत नाही. बाईंनी हे सारे त्याला स्पष्ट शब्दांत ऐकविले. मग म्हणाल्या, “पन्नास रुपयांनी हिचे पोट भरणार नाही आणि तुमचेही नाही. सकाळ-संध्याकाळ येऊन खरारा करावयाचा, ठाण झाडावयाचे, औषध लावावयाचे. चाऱ्याचे आम्ही पाहू.” गल्लीतील अनेकांना हे मुळीच पटले नाही. तो मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे दारात उभा होता, आणि एकही दिवस चुकला नाही.

या निर्णयाचे मोल नोव्हेंबरअखेर कळले. तुळशीची लग्ने चालू होती. घोडीच्या सडांवर मेणासारखे थेंब जमले, शेपटीच्या मुळाशी मांस सैल पडले. मालक तीन रात्री अंगणातच निजला. घोड्या बहुधा रात्रीच, निजानीज झाल्यावर वितात. त्यांचे वितणे झपाट्याचे. कळा सुरू होऊन पिशवी फुटली की साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर येते, आणि तसे न झाले तर वैद्याची वाट पाहण्यासही फार वेळ उरत नाही. प्रथम दिसणारी पिशवी पांढुरकी असावी. मखमलीसारखी लाल दिसली तर वार आधीच सुटली, पोराचा श्वास कोंडला, ती तत्काळ फाडली पाहिजे, हे पशुवैद्यांनी पढविले होते. पिशवी पांढरी निघाली. मध्यरात्रीनंतर एक मादी शिंगरू भुईवर आले.

पुढचा हिशेब जाणते लोक असा सांगतात: एका तासात शिंगराने उभे राहावे, दोन तासांत पिऊ लागावे, तीन तासांत वार पडावी. घोडीच्या गर्भात आईची रोगप्रतिकारक द्रव्ये पोराकडे जात नाहीत. ती सारी पहिल्या चिकातून मिळावयाची, आणि दिवसभराने आतड्याची ती शोषून घेण्याची शक्ती संपते. म्हणून चीक हीच त्याची पहिली लस. शिंगरू उभे राहिले. पण घोडी पहिलटकरीण, दुखऱ्या सडाला तोंड लागताच लाथ झाडू लागली. एक तास गेला, दीड तास गेला. तेव्हा मालकाने तिचा पुढचा पाय दुमडून उचलून धरला, म्हणजे मागची लाथ झाडता येईना. तिच्याशी बोलत राहिला आणि कॉलेजच्या एका मुलाकडून शिंगराचे तोंड सडाशी लावविले. दोन तास व्हावयास काही मिनिटे असताना चुरूचुरू आवाज आला. सकाळी पशुवैद्यांनी पडलेली वार भुईवर पसरून पाहिली. तुकडा आत राहिलेला नव्हता.

पण वितणे म्हणजे शेवट नव्हे. दूध देणाऱ्या घोडीची भूक गाभणपणीहून कितीतरी अधिक. आता कोठे तिला हळूहळू दाण्याची चंदी सुरू झाली. हाडांवर पुरते मांस चढावयास आठ महिने लागले. २०२१ च्या उन्हाळ्यात पुन्हा लग्ने थांबली, म्हणून तिला परत देण्याचे दिवाळीपर्यंत लांबले. परत देताना बाईंनी साध्या वहीच्या कागदावर अटी लिहून मालकाचा अंगठा नव्हे, सही घेतली: काटेरी लगाम नाही, जखमेवर खोगीर नाही, आणि शिंगराच्या पाठीवर चार वर्षे पुरी होईपर्यंत कोणी बसावयाचे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती चार वर्षे पुरी झाली. तोवर दर महिन्याला बाई स्वतः जाऊन तिचे तोंड उघडून पाहत आणि पाठीवरून हात फिरवीत.

भगिनींनो, आपल्या घरी कार्य ठरेल तेव्हा घोडीचे भाडे ठरविण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. झूल उचलून पाठ पाहावी. तंगाखाली हात घालावा. ओठांच्या कोपऱ्यांत जखमा आहेत काय, पाहावे. टोकदार लगाम वापरण्यास १९६५ च्या नियमांनी मनाई केली आहे, हे घोडीवाल्यास सांगावे. पोट लोंबते आणि बरगड्या दिसतात, तर ती गाभण आहे काय, हे विचारावे, आणि असेल तर तिच्या पाठीवर वराला बसवू नये. मांडवाच्या दारी वरमाईसाठी पाय धुवावयाचे पाणी ठेवतोच; तेथेच एक बादली तिच्यासाठीही ठेवावी. आणि भाड्यात घासाघीस करताना लक्षात असू द्यावे की आपण वाचविलेले दोन-तीनशे रुपये बहुधा तिच्याच चंदीतून कापले जातात.