जवारी, जोंधळा आणि आडनावाची साक्ष

जर्मन भाषेत ‘कोर्न’ म्हणजे धान्याचा दाणा. परंतु त्या देशाच्या पुष्कळ भागांत नुसते ‘कोर्न’ म्हटले की राय हे तेथील पावाचे धान्यच समजले जाई. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजीत याच शब्दाचे भावंड मक्याला जाऊन चिकटले. जे धान्य पोट भरते, ते सर्वसामान्य नावावर हक्क सांगते. आपल्याकडेही हेच घडले आहे. ‘धान्य’ आणि ‘धान’ एकाच कुळातले शब्द. पण वर्ध्याहून पूर्वेस भंडारा-गोंदियाकडे गेले की ‘धान’ म्हणजे केवळ भाताचे पीक.

वर्ध्याच्या ताटात हा मान ज्वारीचा होता. इकडच्या बोलीतली ‘जवारी’ संस्कृतातील ‘यव’ म्हणजे जव या शब्दाशी जोडली जाते. ज्वारीचे मूळ मात्र आफ्रिकेतले. परक्या पिकाला ओळखीच्या धान्याचे नाव देऊन आपण ते घरात घेतले. ‘जोंधळा’ शब्दाचे नाते वेगळ्या दिशेने दिसते: कन्नडमधील ‘जोळ’, तेलुगूतील ‘जोन्न’ हे त्याचे सोयरे. दाणा एक, पण त्याच्या दोन नावांत दोन भाषाकुळांचा शेजार नांदतो.

आडनावांकडे वळताना मात्र सावध राहावे, असे आम्हांस वाटते. ‘जोंधळे’ हे नाव आपला अर्थ उघड सांगते. ‘गव्हाणे’ ऐकताच गहू आठवतो. परंतु शब्दाचे रूप गुरांच्या गव्हाणीकडे बोट दाखवते. जर्मन ‘कोर्न’ हे आडनावही कधी धान्यावरून आलेले असते, तर कधी ‘कॉर्नेलियस’ या व्यक्तिनामाचे ते लघुरूप असते. आडनाव हा साक्षीदार आहे, निकाल नव्हे. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारण्याची सवय आपल्या वर्गांतून जावयास हवी.

याहून मोठी चिंता वेगळीच आहे. वर्धा जिल्ह्याच्या शिवारात आता कापूस, सोयाबीन आणि तूर यांचेच राज्य आहे. ज्वारी आक्रसली आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारीला ‘श्रीअन्न’ हे भारदस्त नावही मिळाले. परंतु पीक ‘पोटरीत येणे’, कणीस ‘निसवणे’, हुरडा, कडबा, कण्या हे शब्द गौरवाने जगत नाहीत. ते शेतात आणि चुलीपाशी बोलले गेले तरच जगतात. कोशात ते सापडतील, पण त्यांची चव कोश सांगणार नाही. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्यांनी व्युत्पत्तीची वही घेऊन ग्रंथालयात जावे, आणि तीच वही घेऊन एकदा खळ्यावर बसलेल्या आजीकडेही जावे. आडनावे मागे उरतील; त्यांचा अर्थ सांगणारी माणसे उरणार नाहीत.