निर्मळची यात्रा आणि नंदाखालची शाळा

कार्तिक वद्य एकादशीस वसई तालुक्यातील निर्मळ येथे शंकराचार्यांच्या समाधिस्थानी यात्रा भरते. दोनच दिवसांनी आळंदीस ज्ञानोबारायांचा समाधिसोहळा. अशा पर्वकाळी आम्ही भाविक वाचकांपुढे एका ख्रिस्ती शाळेचा विषय ठेवीत आहोत, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणणाऱ्या माउलींच्या स्मरणात मराठी शाळेचा विषय अस्थानी कसा ठरावा?

वसईत ख्रिस्ती विद्यादानाची परंपरा जुनी. सोळाव्या शतकात किल्ल्यात जेझुइटांनी विद्यालय चालविले. १५९७ साली नागासाकीस हुतात्मा झालेले आणि १८६२ साली संतपदी घोषित झालेले गोन्सालो गार्सिया त्यांच्याच छायेत वाढले. मात्र ती विद्या पोर्तुगीज आणि लॅटिन वळणाची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि ते पर्व संपले. गावोगावच्या ख्रिस्ती बांधवांचा धर्म राहिला, तशीच बोलीही राहिली. घरी सामवेदी वा वाडवळी, पुस्तकात मराठी, ही रीत पुढे धर्मग्रामांच्या शाळांनी पक्की केली.

निर्मळच्याच परिसरातील नंदाखाल गावी संत जोसेफ ही अशी एक मराठी शाळा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो येथे शिकले. १९७२ साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षे संपादिले. त्यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार' या ग्रंथास अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वसईच्या चर्चमधील उपासना लॅटिन सोडून मराठीत आली होतीच. देववाणीतील अर्थ लोकवाणीत उतरविताना कोणता शब्द झेपेल आणि कोणता मोडेल, हा पेच आम्हां संस्कृत घोकलेल्यांस चांगला ठाऊक आहे. म्हणून त्या श्रमाचे मोल आम्ही जाणतो.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले, तेव्हा आपल्यातीलच काहींनी धर्माचे कारण काढून विरोध केला. तो विरोध आम्हांस तेव्हाही रुचला नाही, आजही रुचत नाही. सरस्वतीच्या अंगणात पंक्तिभेद कसला? २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले.

दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही ओवी म्हणतो, तेव्हा यजमानांची नातवंडे आईच्या कानाशी लागून इंग्रजीत अर्थ विचारतात. घर सोवळ्याचे, देव्हाऱ्यात ज्ञानेश्वरी. पण वाचणारा आजोबांनंतर कोणी नाही! वसईतील ख्रिस्ती कुटुंबेही आता इंग्रजी माध्यमाकडे वळली आहेत, त्यांना तरी दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मराठी शाळेच्या पटावर दोन्हींकडील मुले हवीत, तेव्हाच तिचे वर्ग टिकतात.

एकादशीस निर्मळला जाणाऱ्यांनी सवड काढून नंदाखालचीही वाट धरावी. वसईच्या मातीतल्या मराठीचे तेही एक ठिकाण आहे.