मजुरीच्या बदल्यात लाकूड : हा सौदा टाळावा

मे महिना उलटू लागला की मोहल्ल्यामोहल्ल्यांतून मशीनच्या करवतीचा आवाज येऊ लागतो. पाऊस तोंडावर आलेला असतो, अंगणातला आंबा किंवा फणस पत्र्यावर वाकलेला असतो, आणि नेमका अशा वेळी दोन माणसे टेम्पो घेऊन दारात उभी राहतात. "शेठ, मजुरी काही नको. लाकूड आम्ही नेऊ." घरमालकाला किंवा कारखानदाराला वाटते, फुकटात काम झाले. आमचे मत असे की व्यापारी माणसाने आयुष्यात करू नये अशा सौद्यांपैकी हा एक आहे.

कारण साधे आहे. ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याला सुकी, पोकळ फांदी काढण्यात काय मिळणार? वखारीत वजन होते ते जाड, जिवंत, निरोगी फांदीचे. त्यामुळे धोक्याची फांदी राहते आणि झाडाला पोसणारी फांदी जाते. सोने तपासायला आणणाऱ्याला त्यातलेच सोने मजुरी म्हणून आपण देऊ का?

आपल्या फिकहमध्ये मजुरी आधी ठरलेली आणि माहीत असलेली असावी, ही अट आहे. दळणाऱ्याला त्याच दळणातल्या पिठातून मजुरी द्यावी की नाही, यावर फुकहांनी जुन्या काळापासून चर्चा केली आहे. हनफी आणि शाफई या दोन्ही मजहबांत असा व्यवहार सामान्यतः नापसंत ठरला. फतवा देणे आमचे काम नाही, ते आलिमांना विचारावे. पण किती लाकूड निघेल हे मालकाला माहीत नाही, तोडणाराच ते ठरवणार, आणि जितके जास्त तोडेल तितकी त्याची मजुरी वाढणार, या व्यवहारातली खोट ओळखायला दुकानावर बसणाऱ्या माणसाला फार इल्म लागत नाही.

आमच्या शेजारच्या फर्निचर कारखान्याच्या आवारात एक जुना आंबा आहे. काही वर्षांपूर्वी असाच सौदा झाला. तोडणाऱ्यांनी झाडाचा शेंडा आडवा छाटून टाकला आणि ठोकळ्यासारखा बुंधा उभा ठेवला. पहिल्या वर्षी भराभर धुमारे फुटले, मालक खूश झाले. पण छाटलेल्या टोकाजवळ फुटलेले धुमारे खोडाच्या आतून आलेले नसतात, सालीजवळच चिकटलेले असतात. खाली लाकूड कुजत गेले, वर धुमारे जड होत गेले, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यातला एक पॉलिशच्या शेडवर आला. दुपारच्या नमाजची वेळ होती म्हणून आत कोणी नव्हते. पत्रे आणि तयार माल मिळून जे नुकसान झाले, त्यात जाणत्या माणसाची पाच-सात वर्षांची मजुरी सहज निघाली असती.

मग जाणता माणूस ओळखावा कसा? तो आल्याबरोबर दोर सोडत नाही. आधी झाडाभोवती फिरतो, बुंध्यावर कोयत्याच्या मुठीने ठोकून आवाज ऐकतो, मुळाशी अळंबी आली आहे का ते पाहतो. खोडाला भोक आणि खाली ताजा भुसा दिसला की खोडकिडा आहे हे तो सांगतो. तारेचा आकडा घालून अळी काढायची, भोकात रॉकेलचा बोळा घालून चिखलाने लिंपायचे, हेही त्याला ठाऊक असते. विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय तो वर चढत नाही. जाड फांदी तो एका घावात पाडत नाही. आधी खालून थोडी खाच, मग थोडे पुढे वरून घाव, आणि शेवटी उरलेला खुंट वेगळा कापतो, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, तो तो राखतो. हा फुगवटा राहिला तर झाड जखम स्वतः बुजवते. खोडाला घासून कापले तर जखम उघडीच राहते आणि कोकणच्या पावसात तिथे कूज धरते. आंब्याच्या मोठ्या घावांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हा खर्च काही फार नाही.

बांडगुळाबद्दल दोन शब्द. पुष्कळ लोक नुसती बांडगुळाची पाने तोडून समाधान मानतात. त्याची मुळे फांदीच्या आत गेलेली असतात, म्हणून चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसकट कापावे लागते, आणि तेही फळे पिकण्याआधी. पक्षी ती फळे खातात आणि चिकट बी शेजारच्या झाडावर पुसतात. शेजाऱ्याचे बांडगूळ हे आपलेही बांडगूळ असते.

कोकणातल्या आपल्या बांधवांना माडाविषयी वेगळे सांगावे लागेल. माड हा आंब्यासारखा नाही. त्याच्या खोडाला झालेली जखम आयुष्यभर बुजत नाही. चढायला सोपे म्हणून पायऱ्यांसारख्या खाचा पाडतात, त्याच खाचांतून सोंड्या भुंगा अंडी घालतो. हिरवी झावळी खोडाला लागून कापली तरी तेच होते, म्हणून हातभर नव्हे, चांगला मीटरभर देठ ठेवावा. खोडातून तांबूस चीक आणि चघळल्यासारखा काथ्या बाहेर येऊ लागला की पाडेलीला त्याच आठवड्यात बोलवा, सणाची वाट पाहू नका. शेणखताचा उघडा खड्डा माडाच्या बुडाशी असेल तर तो गेंड्या भुंग्याचे घरच आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या वाड्या आडव्या केल्या. पन्नास वर्षांची नारळ-सुपारी एका दुपारी गेली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. एवढ्या वाऱ्यापुढे निरोगी झाडही टिकेलच असे नाही, हे मान्य. पण जी झाडे राहिली ती आता भांडवल आहेत, आणि ज्यांचे मालक आखातात किंवा मुंबईत आहेत त्यांच्या वाडीत कोण चढते, कोयता कसा चालवते, हे पाहायला कोणी नाही. वाडी राखणाऱ्याला नारळाच्या हिशेबाबरोबर झाडांचा हिशेबही विचारावा.

शहरातल्या कारखानदारांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आपल्या आवारातले झाड आपले असले तरी ते तोडण्याचा हक्क आपला एकट्याचा नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन कायदा १९७५ पासून आहे. त्यात जाळणे, कापणे, कोणत्याही रीतीने इजा करणे हे सारे 'तोडणे' यातच मोडते. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. टेम्पोवाला लाकूड घेऊन निघून जातो, नोटीस मालकाच्या नावावर येते. मस्जिद आणि कब्रस्तानच्या विश्वस्तांना तर हे दुप्पट लागू आहे. तिथली झाडे वक्फची आहेत, कुणा एकाच्या तोंडी शब्दावर ती ठेक्याने देऊ नयेत. अंगणात फरशी घालताना बुंध्याला सिमेंट भिडवण्याची चालही सोडावी. चारही बाजूंनी मीटरभर माती उघडी ठेवली तर मुळांना हवा-पाणी मिळते.

आता मजुरीचे. चढणारा माणूस दोरावर जीव टांगून काम करतो. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो आणि पाडेलीला मात्र चार चकरा मारायला लावतो. नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे शिक्षण आणि अपघात विमा देण्याचा कार्यक्रम सुरू केला, कारण चढणारेच मिळेनासे झाले होते. आपल्याकडेही ही वेळ आलेली आहे. ज्या घरांत सुतारकी आणि वखारीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्या मुलांना लाकडाची नस माहीत आहे. हेल्मेट, कमरपट्टा, चांगला दोर, विमा आणि लेखी दर घेऊन दोघे-तिघे उभे राहिले तर सोसायट्या, शाळा, बागायतदार असे गिऱ्हाईक त्यांना शोधत येईल. हा धंदा कमी प्रतीचा मानून आपण तो हातचा घालवू नये, एवढीच आमची विनंती.

फर्निचरवाल्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी रीत बदलली. परवानगी काढली, ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर एका जाणत्या माणसाला बोलावले, रोजाने मजुरी ठरवली आणि निघालेले लाकूड स्वतः वखारीत वेगळे विकले. लाकडाच्या पैशात मजुरीचा मोठा भाग भागला. आंब्याला यंदा मोहोर थोडाच आला, पण शेडवर आता फक्त सावली आहे.